फुटबॉलचा शिक्षक कसा घडतो ?

शाळेच्या मैदानावर ज्याचें मन रमतें असा प्रत्येक विद्यार्थी केव्हां ना केव्हां आपल्या मनाशीं एक प्रश्न विचारतो : ज्या खेळावर माझें इतकें प्रेम आहे, त्या खेळाच्या आधारें मला आयुष्य काढतां येईल काय ? त्याच वेळीं त्याच्या वडिलांच्या मनांत निराळाच प्रश्न उभा राहतो : खेळून कोणाचें पोट भरलें आहे ? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोहोंचेंहि उत्तर विचारपूर्वक दिलें पाहिजे. खेळाडूचें आयुष्य अल्प असतें. तिशी उलटली कीं पाय जड होऊं लागतात. शिवाय केवळ खेळून ज्यांस द्रव्य मिळतें असे खेळाडू हजारांत एखाददुसरे. परंतु खेळ शिकविणाऱ्याचें आयुष्य याहून पुष्कळ दीर्घ आहे. ज्यास इंग्रजींत कोच व मराठींत प्रशिक्षक म्हणतात त्याचा पेशा कसा असतो, त्यासाठीं कोणती तयारी लागते, आणि त्यांत काय सोसावें लागतें, हें एका प्रत्यक्ष उदाहरणावरून समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत पाठांत केला आहे. उदाहरण परदेशांतील आहे. कारण हा पेशा महाविद्यालयांत ज्या पूर्णतेनें अमेरिकेंत वाढला तसा तो अन्यत्र क्वचितच आढळतो.

पेशाचें स्वरूप

आपण ज्या खेळास फुटबॉल म्हणतों त्यास अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत सॉकर असें नांव आहे. तेथें फुटबॉल हा शब्द लांबट चेंडू हातांत घेऊन धावण्याच्या एका निराळ्याच खेळास मिळालेला आहे. तेथील विद्यापीठांत खेळ हा केवळ सायंकाळचा विरंगुळा नसून शिक्षणसंस्थेच्या व्यवस्थेचा एक भाग समजला जातो. मोठ्या विद्यापीठांत स्वतंत्र क्रीडाखातें असतें, त्याचें अंदाजपत्रक निराळें असतें, आणि मान्यता मिळालेल्या प्रत्येक खेळासाठीं एक पगारी प्रमुख प्रशिक्षक व त्याचे साहाय्यक नेमलेले असतात. विद्यापीठांच्या सामन्यांचें नियमन करणारी राष्ट्रीय संस्था १९०६ मध्यें स्थापन झाली, आणि सॉकरची राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा तिनें १९५९ पासून सुरू केली. सामन्यांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून चालतो व डिसेंबरांत अंतिम सामना होतो.

या स्पर्धेच्या आरंभींच्या काळांत सेंट लुई येथील जेसुइट पाद्र्यांच्या विद्यापीठाचें वर्चस्व होतें. पहिल्या पंधरा वर्षांत त्यानें दहा वेळां अजिंक्यपद मिळविलें. त्यांपैकीं एकदां तें दुसऱ्या विद्यापीठाबरोबर विभागून मिळालें होतें. यांत नवल नाहीं. त्या शहरांत प्रत्येक पॅरिशच्या मंडळींत लहान मुलें लहानपणापासून हा खेळ खेळत; विद्यापीठास तयार खेळाडू दाराशींच मिळत. परंतु जेथें अशी परंपरा नाहीं, मुलांस खेळाचें नांवहि नीट ठाऊक नाहीं, तेथें प्रशिक्षकानें काय करावें ? याचें उत्तर जेरी येग्ली यांच्या चरित्रांत सांपडतें.

पूर्वतयारी

येग्ली यांचा जन्म १९४० मध्यें पेनसिल्व्हेनिया संस्थानांत झाला. त्या संस्थानांतील शाळांतून सॉकर पूर्वीपासून खेळला जात असे. पुढें ते वेस्ट चेस्टर येथील महाविद्यालयांत शिकले. ही संस्था मुख्यत: शिक्षक तयार करण्याबद्दल व शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाबद्दल नांवाजलेली होती. तेथील संघानें १९६१ मध्यें अंतिम सामन्यांत सेंट लुईचा दोन गोलांनीं पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. त्या संघांत येग्ली खेळत होते.

येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. येग्ली यांनीं खेळाबरोबरच शिक्षकाचें शिक्षणहि घेतलें होतें. खेळतां येणें आणि खेळ शिकवितां येणें या दोन भिन्न विद्या आहेत. उत्तम खेळाडू जें एका क्षणांत अंगच्या संवयीनें करतो, तें त्यास शब्दांनीं सांगतां येईलच असें नाहीं. शिक्षकास मात्र ती एक क्रिया चार भागांत फोडून, प्रत्येक भाग निराळा करवून घेऊन, शेवटीं सर्व भाग पुन: एकत्र जोडून द्यावे लागतात. शरीराची रचना, स्नायूंचा थकवा, दुखापतीवरील प्रथमोपचार, मुलांच्या स्वभावांतील भेद यांचेंहि ज्ञान त्यास असावें लागतें. हें सर्व पुस्तकांतून व वर्गांतून शिकण्याजोगें आहे, आणि म्हणूनच खेळाच्या नादानें अभ्यास सोडणारा मुलगा या पेशाची वाट स्वत:च्या हातानें बंद करतो.

दहा वर्षांची उमेदवारी

१९६३ मध्यें येग्ली इंडियाना विद्यापीठांत शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून दाखल झाले. हें विद्यापीठ ब्लूमिंग्टन या गांवीं आहे. इंडियाना संस्थान बास्केटबॉलच्या वेडाबद्दल सर्व अमेरिकेंत प्रसिद्ध आहे. सॉकरकडे तेथें त्या काळीं फारसें कोणाचें लक्ष नव्हतें. विद्यापीठांत सॉकर होता, पण तो केवळ हौशी विद्यार्थ्यांचा क्लब म्हणून. क्रीडाखात्यानें मान्य केलेला संघ म्हणून नव्हे.

हा भेद वाचकांस नीट समजला पाहिजे. मान्य संघास विद्यापीठाकडून पैसा, प्रवासखर्च, पोषाख, वैद्यकीय मदत, खेळाडूंसाठीं शिष्यवृत्त्या आणि राष्ट्रीय स्पर्धेंत प्रवेश मिळतो. क्लबास यांपैकीं जवळजवळ कांहींच मिळत नाहीं. मैदानावर चुन्याच्या रेषा आंखण्यापासून परगांवच्या सामन्यास जाण्याची व्यवस्था करण्यापर्यंत सर्व भार क्लबच्याच माणसांवर पडतो. येग्ली यांचा चरितार्थ चालत होता तो वर्गांत शिकविण्यावर; क्लबचें काम त्यांनीं त्याखेरीज अंगावर घेतलें होतें.

असें एक वर्ष नव्हे, दोन वर्षें नव्हे, दहा वर्षें चाललें. अमेरिकेंतील पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. म्हणजे या दहा वर्षांत विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या मैदानावर घाम गाळून, मान्यतेचा दिवस न पाहतांच विद्यापीठांतून बाहेर पडल्या. त्या मुलांस वर्तमानपत्रांत नांव मिळालें नाहीं, राष्ट्रीय स्पर्धा मिळाली नाहीं. तरीहि दरवर्षीं नवीं मुलें येत राहिलीं व क्लब मोडला नाहीं. याचें श्रेय, मुलांच्या खेळावरील प्रेमाखालोखाल, जो शिक्षक दरवर्षीं त्याच मैदानावर पुन: उभा राहिला त्यासच दिलें पाहिजे. अखेर १९७३ मध्यें विद्यापीठानें सॉकरच्या संघास मान्यता दिली, आणि येग्ली त्याचे पहिले प्रमुख प्रशिक्षक झाले. त्या वेळीं त्यांचें वय तेहतीस वर्षांचें होतें.

यश व अपयश

दहा वर्षें जमीन नांगरून ठेवलेली असल्यामुळें पीक लवकर उगवलें. मान्यता मिळाल्यापासून दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९७४ मध्यें, संघास राष्ट्रीय स्पर्धेंत प्रवेश मिळाला. १९७६ मध्यें तो अंतिम सामन्यास पोंचला आणि सॅन फ्रॅन्सिस्को विद्यापीठाकडून एका गोलानें हरला. १९७८ मध्यें पुन: अंतिम सामना, पुन: तोच प्रतिस्पर्धी, व पुन: पराभव. १९८० मध्यें तिसऱ्यांदा अंतिम सामना झाला. या वेळीं जादा वेळ खेळून चार विरुद्ध तीन गोलांनीं हार, आणि प्रतिस्पर्धी तोच सॅन फ्रॅन्सिस्को!

पांच वर्षांत तीन वेळां शिखराच्या पायरीवरून खालीं यावें लागलें म्हणजे मनुष्याच्या स्वभावाची परीक्षा होते. कोणी खेळाडूंस दोष देतो, कोणी पंचांस देतो, कोणी दैवास देतो. अशा वेळीं संघ कोणत्या मार्गानें जाईल हें बव्हंशीं त्याच्या शिक्षकाच्या वागणुकीवरून ठरतें. कारण पराभवानंतर मुलें प्रथम त्याच्याच चेहऱ्याकडे पाहतात. इंडियानाचा संघ फुटला नाहीं. १९८२ मध्यें फ्लॉरिडा संस्थानांत झालेल्या अंतिम सामन्यांत त्याची गांठ ड्यूक विद्यापीठाशीं पडली. ठराविक वेळांत बरोबरी झाली. नंतर जादा वेळाचा एक डाव झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. असे होतां होतां आठव्या डावांत निर्णय लागला. दीड तासाचा खेळ अडीच तासांहूनहि अधिक लांबला. शेवटीं ग्रेग टॉम्सन या खेळाडूनें गोल करून इंडियानास दोन विरुद्ध एक असा विजय मिळवून दिला. पहिला गोलहि त्याचाच होता. येग्ली ब्लूमिंग्टनला आल्यास तेव्हां एकोणीस वर्षें झालीं होतीं.

पुढच्याच वर्षीं, १९८३ मध्यें, कोलंबिया विद्यापीठास हरवून संघानें अजिंक्यपद राखलें. त्यानंतर १९८८, १९९८, १९९९ व २००३ या वर्षीं तें पुन: मिळालें. एकंदर सहा अजिंक्यपदें झालीं. परंतु याच काळांत १९८४, १९९४ व २००१ या वर्षीं अंतिम सामन्यांत पराभवहि झाले. म्हणजे बारा अंतिम सामन्यांपैकीं सहांत जय आणि सहांत पराजय असा हा हिशेब बरोबरीचा आहे. ज्यांस आपण यशस्वी म्हणतों त्यांच्या खातेवहींतील उजवी बाजूच आपण बहुधा वाचतों. डावी बाजूहि तितकीच भरलेली असते.

वर्षभराचें काम

पाहणाऱ्यास वाटतें कीं प्रशिक्षकाचें काम म्हणजे शिट्टी वाजविणें व मैदानाच्या कडेस उभें राहून ओरडणें. वस्तुत: सामना हा त्याच्या कामाचा सर्वांत लहान भाग होय.

त्याचें पहिलें काम खेळाडू शोधण्याचें. त्यासाठीं तो गांवोगांव हिंडतो, शाळांचे सामने पाहतो, मुलांच्या घरीं जाऊन आईबापांशीं बोलतो. मुलगा किती वेगानें धावतो एवढेंच पाहून भागत नाहीं. हरल्यावर तो कसा वागतो, चुकलेल्या सोबत्यास काय बोलतो, घरीं वडील माणसांशीं त्याचें वर्तन कसें आहे, याकडेहि चतुर प्रशिक्षक लक्ष देतो. कारण हा मुलगा पुढें चार वर्षें त्याच्या हवालीं व्हावयाचा असतो.

दुसरें काम शिष्यवृत्त्यांच्या वांटणीचें. २०२५ पर्यंत असा नियम होता कीं, पहिल्या श्रेणींतील पुरुषांच्या संघास ९·९ पूर्ण शिष्यवृत्त्यांपेक्षा अधिक देतां येत नसत. संघांत मुलें तर वीसपंचवीस किंवा त्याहूनहि अधिक. तेव्हां एकास अर्धी, दुसऱ्यास पाव, तिसऱ्यास कांहींच नाहीं, अशी वांटणी करावी लागे. आणि प्रत्येक अपूर्णांकामागें एका कुटुंबाची फीची विवंचना उभी असे. २०२५ मध्यें न्यायालयांत झालेल्या तडजोडीनें ही पद्धति बदलली. तरी मोजका पैसा न्यायानें वांटण्याची जबाबदारी टळलेली नाहीं.

तिसरें काम अभ्यासावर देखरेख ठेवण्याचें. ठराविक गुण न मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास सामन्यांत खेळतां येत नाहीं. हंगामांत सरावास आठवड्यांतून वीस तासांची मर्यादा घातलेली आहे, ती याचसाठीं. म्हणून कोणता मुलगा कोणत्या विषयांत मागें पडला आहे हें प्रशिक्षकास ठाऊक असावें लागतें.

चौथें काम प्रत्यक्ष सरावाचें. तो उद्यां काय शिकवावयाचें हें आज ठरवितो, झालेल्या सामन्यांची चित्रें पुन: पुन: पाहून दोष टिपतो, आणि जो मुलगा संघांत निवडला गेला नाहीं त्याची समजूत घालतो. हें शेवटचें काम सर्वांत अवघड. अकरा जण खेळतात. बाकीचे बाकावर बसून असतात. त्या बसलेल्यांचा उत्साह जो टिकवूं शकतो तोच खरा प्रशिक्षक असें म्हणावयास हरकत नाहीं.

या वाटेवरील पायऱ्या

येग्ली यांच्या काळीं वाट आंखलेली नव्हती. आज ती पुष्कळशी आंखलेली आहे. प्रथम महाविद्यालयाच्या संघांत खेळावें व पदवी घ्यावी. नंतर पदव्युत्तर अभ्यास करीत असतांना अल्प विद्यावेतनावर एखाद्या संघाचा दुय्यम साहाय्यक व्हावें. पुढें पूर्णवेळ साहाय्यक, त्यानंतर लहान महाविद्यालयाचा प्रमुख प्रशिक्षक, आणि कांहीं वर्षांनीं, योग्यता व संधि यांचा मेळ बसल्यास, मोठ्या विद्यापीठाचा प्रमुख. याशिवाय राष्ट्रीय फुटबॉल-संघटनेच्या प्रशिक्षकांसाठीं असलेल्या श्रेणीवार परीक्षा द्याव्या लागतात. प्रशिक्षकांची स्वत:ची राष्ट्रीय संस्थाहि १९४१ पासून तेथें आहे. ती अधिवेशनें भरविते व वर्ग चालविते.

मुलींच्या पालकांनींहि हें प्रकरण वाचून सोडून देऊं नये. शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेद करण्यास मनाई करणारा कायदा अमेरिकेंत १९७२ मध्यें झाला. त्यानंतर विद्यापीठांतून मुलींचे संघ निघूं लागले, आणि आज पहिल्या श्रेणींत पुरुषांचे संघ दोनशेंच्या आसपास असतांना स्त्रियांचे संघ तीनशेंहून अधिक आहेत. त्यामुळें या पेशांतील पुष्कळ जागा आतां मुलींच्या संघांत आहेत, आणि त्या जागांवर स्त्रियाहि काम करीत आहेत.

या पायऱ्यांचें चांगलें उदाहरण येग्ली यांच्या एका विद्यार्थ्याचेंच आहे. केलेब पोर्टर हे १९९० नंतरच्या दशकांत इंडियानाच्या संघांत खेळले. पुढें ते व्यवसायी संघांत गेले. परंतु गुडघ्याच्या दुखण्यामुळें त्यांचें खेळणें लवकरच थांबलें. खेळाडू म्हणून दार बंद झालें तेव्हां ते आपल्या गुरूकडे परत आले व साहाय्यक म्हणून राहिले. २००६ मध्यें ओहायो संस्थानांतील अॅक्रन विद्यापीठानें त्यांस प्रमुख प्रशिक्षक नेमलें. २००९ मध्यें त्यांचा संघ अंतिम सामन्यांत हरला, व २०१० मध्यें अजिंक्य ठरला. पुढें व्यवसायी संघांचे प्रशिक्षक होऊन २०१५ व २०२० या दोन वर्षीं, दोन निरनिराळ्या शहरांच्या संघांस त्यांनीं अमेरिकेच्या व्यवसायी लीगचें अजिंक्यपद मिळवून दिलें. गुडघा दुखावला म्हणून त्यांचा खेळाशीं संबंध तुटला नाहीं. कारण पाय थांबल्यावर उपयोगीं पडणारी विद्या त्यांनीं गुरूजवळ राहून संपादन केली.

पालकांनीं जाणावयाचे धोके

एवढ्यानें हा पेशा निर्वेध आहे असें कोणी समजूं नये. प्रमुख प्रशिक्षकाच्या जागा मोजक्या, व इच्छुक फार. आरंभींचीं वर्षें अल्प वेतनावर काढावीं लागतात. सायंकाळ, सुटीचे दिवस व सणवार हींच कामाचीं वेळ असल्यामुळें घरच्या माणसांस पुष्कळ सोसावें लागतें. नोकरी बहुधा मुदतीच्या कराराची असते, आणि मुदत संपली कीं निकालांकडे बोट दाखविलें जातें.

याचाहि दाखला त्याच विद्यापीठांत आहे. येग्ली यांच्यानंतर त्यांचे जुने विद्यार्थी व साहाय्यक माइक फ्राइटॅग प्रमुख झाले. २००४ मध्यें, म्हणजे आपल्या पहिल्याच वर्षीं, त्यांनीं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. तरी २००९ च्या हंगामानंतर त्यांचा करार पुढें चालू ठेवण्यांत आला नाहीं. पांच वर्षांपूर्वींचा करंडक कपाटांत राहिला, पण तो जागा राखूं शकला नाहीं. म्हणून या वाटेनें जाणाऱ्यानें हातीं दुसरी विद्या, निदान अध्यापनाची पदवी, अवश्य असूं द्यावी. येग्ली यांस दहा वर्षें क्लब चालवितां आला तो वर्गांतील शिकविण्याची नोकरी होती म्हणूनच, हें विसरूं नये.

शेवटचें वर्ष

२००३ हा आपला अखेरचा हंगाम असें येग्ली यांनीं ठरविलें होतें. त्यांचें वय तेव्हां त्रेसष्ट वर्षांचें होतें. प्रत्येकास वाटावें कीं शिष्यांनीं गुरूस थाटानें निरोप द्यावा. झालें मात्र उलट. पहिल्या आठ सामन्यांत दोनच विजय, तीन पराभव व तीन बरोबऱ्या ! चाळीस वर्षांच्या सेवेचा शेवट अशा रीतीनें होतो कीं काय असें वाटूं लागलें.

त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत मात्र संघ पुढील सतरा सामन्यांपैकीं एकहि हरला नाहीं. पंधरा जिंकले, दोन बरोबरींत सुटले. डिसेंबरांत ओहायो संस्थानांतील कोलंबस शहरीं झालेल्या अंतिम सामन्यांत त्यानें सेंट जॉन्स विद्यापीठाचा दोन विरुद्ध एक गोलानें पराभव केला. असा उलटापालट एका रात्रींत होत नाहीं. आठ निराशाजनक सामन्यांनंतरहि सरावाचा क्रम न मोडणें, आणि मुलांचा स्वत:वरील विश्वास न ढळूं देणें, ही संवय ज्या शिक्षकानें १९६३ पासून अंगीं बाणविली होती त्याच्या हातूनच तें घडूं शकलें.

येग्ली निवृत्त झाले तेव्हां मान्य संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांच्या नांवावर ५४४ विजय, १०१ पराभव व ४५ बरोबऱ्या नोंदलेल्या होत्या. क्लबच्या दहा वर्षांतील सामने या आंकड्यांत धरलेले नाहींत. ब्लूमिंग्टनच्या ज्या मैदानावर हा संघ आतां खेळतो त्यास पुढें येग्ली यांचेंच नांव देण्यांत आलें. त्यांचे चिरंजीव टॉड हे प्रथम त्यांच्या हाताखालीं खेळले, पुढें व्यवसायी खेळाडू झाले, आणि २०१० पासून त्याच विद्यापीठाचे प्रमुख प्रशिक्षक म्हणून काम करूं लागले. २०१२ मध्यें त्यांनींहि राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें.

आपल्याकडील विचार

आपल्या देशांत महाविद्यालयांतून एका खेळासाठीं एक पूर्णवेळ पगारी प्रशिक्षक ठेवण्याची पद्धति रूढ नाहीं. तथापि खेळाच्या शिक्षकाचा पेशा आपल्याकडे नवा नाहीं, आणि त्याच्या उगमाशीं मिशनरी कार्याचा संबंध आहे. मद्रास येथें १९२० मध्यें हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनीं वाय. एम्. सी. ए. चें शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केलें. मुंबई सरकारनें १९३८ मध्यें कांदिवली येथें शारीरिक शिक्षकांसाठीं संस्था काढली. स्वातंत्र्यानंतर १९६१ मध्यें पतियाळा येथें राष्ट्रीय क्रीडासंस्था सुरू झाली, आणि तेथें निरनिराळ्या खेळांचे प्रशिक्षक तयार होतात. फुटबॉलपुरतें पाहिलें तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या श्रेणीवार परवाना-परीक्षा आहेत. खालच्या श्रेणीपासून आरंभ करून क्रमानें वर जातां येतें. महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाच्या संचालकाची जागा असते. तीसाठीं त्या विषयांतील पदव्युत्तर पदवी व पात्रता-परीक्षा आवश्यक आहे. शाळांत क्रीडाशिक्षक लागतात, आणि गांवोगांवच्या क्लबांस व खासगी वर्गांसहि जाणता मार्गदर्शक हवा असतो.

तेव्हां ज्या विद्यार्थ्यास हा पेशा आवडतो त्यानें आजच काय करावें ? प्रथम, अभ्यास सोडूं नये. त्यावांचून यांतील एकहि पायरी चढतां येत नाहीं. दुसरें, खालच्या वर्गांतील मुलांस आठवड्यांतून एक दिवस आपण होऊन शिकवून पाहावें. स्वत: गोल करण्यापेक्षा दुसऱ्याकडून नीट लाथ मारवून घेण्यांत ज्यास अधिक आनंद होतो, त्यानें समजावें कीं आपल्यांत या पेशाचें बीज आहे. ज्यास तसा आनंद होत नाहीं त्यानें खुशाल खेळावें, परंतु चरितार्थासाठीं दुसरी वाट धरावी. तिसरें, पंचाचे नियम व प्रथमोपचार शिकून घ्यावे. दोन्ही अल्प खर्चांत व थोड्या दिवसांत शिकतां येतात.

आणि पालकांस एवढेंच विनवावयाचें कीं, मुलगा किंवा मुलगी असा विचार बोलून दाखवील तर एकदम हंसूं नये व एकदम होकारहि देऊं नये. 'पदवी मिळेपर्यंत दोन्ही गोष्टी सांभाळून दाखव' असें सांगावें. जो खरोखर त्या वाटेचा आहे तो सांभाळून दाखवील.

शुभवर्तमानांतील मोहरीच्या दाण्याचा दृष्टान्त आपण सर्वांनीं ऐकला आहे. दाणा जमिनींत असतो तों कोणास दिसत नाहीं. झाड वाढल्यावर मात्र पांखरें त्याच्या फांद्यांवर येऊन बसतात. येग्ली यांचीं पहिलीं दहा वर्षें त्या दाण्याप्रमाणें जमिनींत गेलीं. पुढील सहा करंडक सर्वांस दिसतात. पण ते करंडक ज्यांच्या श्रमांवर उभे आहेत तीं मुलें १९६३ पासून १९७३ पर्यंत विनामान्यता खेळून गेलीं. आपल्या शाळेच्या मैदानावर रोज सायंकाळीं रेषा आंखणाऱ्या, चेंडूंत हवा भरणाऱ्या व उशीरापर्यंत थांबणाऱ्या शिक्षकांकडे या दृष्टीनें पाहावयास आपण शिकलों, तर हा पाठ वाचल्याचें सार्थक होईल.